खलनायकाची बाजू
(नभोवाणीवरील भाषण)

आजचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजणांस तो पोरकट वाटण्याचा संभव आहे. पोलादी चिलखत घालून आकाशांत उडणारे, हातोडे फेंकणारे, एका उडींत इमारत ओलांडणारे नायक ज्या अमेरिकन चित्रपटांत असतात, त्यांना सुपरहिरोंचे चित्रपट म्हणतात, हें घरांत पंधरा-वीस वर्षांचें मूल असलेल्या प्रत्येक गृहस्थाला ठाऊक आहे. त्या चित्रपटांचें गुणवर्णन करावें हा माझा हेतु नाहीं. मला बोलावयाचें आहे तें चित्रपट संपल्यानंतर सुरू होणाऱ्या वादाविषयीं.

वाशी-नेरूळकडील चित्रगृहांतून शेवटचा खेळ सुटला म्हणजे ही मंडळी सरळ घरीं जात नाहीं. चहाच्या टपरीपाशीं, स्टेशनच्या जिन्यावर, नाहीं तर आपल्याच सोसायटीच्या फाटकाशीं उभें राहून तास-तासभर बोलणें चालतें. तें कान देऊन ऐकावें, तर नायकानें कोणता ठोसा कसा लगावला याविषयीं त्यांत फारसें नसतें. 'त्याचें म्हणणें खरें होतें रे, फक्त मार्ग चुकला,' असें एकजण खलनायकाविषयीं म्हणतो. 'मार्ग चुकला म्हणजे काय? मार्ग काढून टाकलास तर त्याच्या म्हणण्यांत उरलें काय?' असें दुसरा विचारतो. तिसऱ्याला यांपैकीं कशाशींच कर्तव्य नसतें. जो मेला तो खरोखर मेला कीं पुढच्या भागांत परत येणार, एवढीच त्याची विवंचना. दोन-अडीच हजार वर्षें नीतिशास्त्र आणि नाट्यशास्त्र ज्या प्रश्नांभोंवतीं फिरत आलें आहे, तेच हे प्रश्न आहेत, आणि ते परीक्षेसाठीं कोणी विचारलेले नसतांना ही मुलें आपण होऊन त्यांची चर्चा करीत असतात. माझ्या मतें ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाहीं.

ज्यांनीं हे चित्रपट पाहिले नसतील त्यांच्यासाठीं, ज्या खलनायकावरून सर्वांत अधिक वाद माजला त्याची हकीकत थोडक्यांत सांगतों. त्याचें नांव थॅनॉस. 'अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर' हा चित्रपट भारतांत २७ एप्रिल २०१८ रोजीं लागला, आणि त्याचा उत्तरभाग 'एंडगेम' २६ एप्रिल २०१९ रोजीं. थॅनॉस हा टायटन नांवाच्या ग्रहाचा रहिवासी. त्या ग्रहावर तोंडें फार झालीं आणि अन्न पुरेना. गरीब-श्रीमंत असा भेद न करतां, केवळ नशिबावर सोडून, निम्म्या लोकांना मारावें, म्हणजे उरलेले सुखानें जगतील, असा उपाय त्यानें सुचविला. लोकांनीं त्याला वेडा ठरविलें आणि ग्रह उजाड झाला. तेव्हां हाच उपाय साऱ्या विश्वावर करावयाचा असा त्यानें निश्चय केला. त्यासाठीं सहा दिव्य मणी मिळविले आणि एक चुटकी वाजवून विश्वांतील अर्धे जीव नाहींसे केले. पहिला भाग येथेंच संपतो. खलनायक जिंकलेला आहे, आणि एका झोंपडीच्या उंबऱ्याशीं बसून तो शांतपणें सूर्याकडे पाहत आहे. असा शेवट पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक वाद घालणार नाहीं तर काय करणार?

खलनायकाची बाजू घेऊन भांडण्याची ही खोड अमेरिकेहून आपल्याकडे आली असें मात्र कोणीं समजूं नये. वाशीला महानगरपालिकेचें जें नाट्यगृह आहे, त्याला विष्णुदास भावे यांचें नांव दिलेलें आहे. भाव्यांनीं ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीस 'सीतास्वयंवर' करून दाखविलें, आणि तेथून मराठी रंगभूमीचा इतिहास मोजला जातो. त्या काळच्या नाटकांत राक्षस येत ते 'अलल्ल डुर्र' अशी आरोळी ठोकीत, तोंडें रंगवून, तलवारी परजीत. मुलें भिऊन आईला बिलगत आणि मोठीं माणसें हंसत. राक्षसाला आरोळी होती, मत नव्हतें. आपल्या जुन्या शास्त्रालाहि तें नको होतें. धनंजयानें 'दशरूपकां'त प्रतिनायकाचीं लक्षणें सांगितलीं आहेत. त्यांत लोभ आहे, उद्धटपणा आहे, हट्ट, पाप, व्यसन हीं सारीं आहेत. प्रतिनायकापाशीं ऐकून घेण्यासारखें कांहीं म्हणणें असावें, अशी अट त्यांत नाहीं.

पुढें साठ-पासष्ट वर्षांत हा राक्षस किती बदलला पाहा. १९०७ सालीं महाराष्ट्र नाटक मंडळीनें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें 'कीचकवध' रंगभूमीवर आणलें. कथा महाभारतांतली, सर्वांना पाठ असलेली. परंतु मदानें फुगलेला कीचक बोलूं लागला, आणि प्रेक्षागृहांत बसलेल्या लोकांना तो लॉर्ड कर्झन आहे असें दिसूं लागलें. सबुरीचा उपदेश करणाऱ्या युधिष्ठिरांत त्यांना मवाळ दिसले, चवताळलेल्या भीमांत जहाल दिसले. आणि द्रौपदी कोण, हें कोणीं सांगावयास नकोच होतें. नाटकांत कर्झनचें नांव कोठेंहि नाहीं. तरीहि व्हॅलेंटाइन चिरोलसारख्या इंग्रज पत्रकारानें त्या प्रयोगांवर लिहिलें, आणि १९१० सालीं मुंबई सरकारनें नाटकावर बंदी घातली. प्रेक्षकांनीं आपसांत चर्चा करून खलनायक कोण तें ठरविलें, आणि सरकारनें बंदी घालून तें कबूल केलें! खलनायकाविषयींची चर्चा ही रिकामटेकड्यांची करमणूक आहे असें ज्यांना वाटत असेल, त्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी.

गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, बडोद्यास झालें. त्यांत तर खलनायक कोणता हाच वाद आहे. तळीराम, दारू, कीं सुधाकराचा स्वतःचा अभिमान? माझ्या मतें तिसरा. पण तो विषय आजचा नव्हे.

याच्याहि पुढची पायरी म्हणजे कर्ण. १९६७ हें साल मराठी घरांच्या दृष्टीनें मोठें गमतीचें आहे. त्याच वर्षीं शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' कादंबरी निघाली आणि त्याच वर्षीं इरावतीबाई कर्व्यांचें 'युगान्त' निघालें. एका पुस्तकानें कर्णाला हृदयाशीं धरलें; दुसऱ्यानें त्याला इतर सर्वांच्याच मापानें, डोळे कोरडे ठेवून मोजलें. त्यानंतर किती घरांतून जेवतांना कर्णावरून भांडणें झालीं असतील तें सांगतां येणार नाहीं. वादाचा मुद्दा नेहमीं एकच. जन्मापासून कर्णाची जी अवहेलना झाली ती खरी. मग भर सभेंत द्रौपदीला तो जें बोलला, तें त्या अवहेलनेच्या हिशेबांत वळतें करावयाचें कीं नाहीं?

'ब्लॅक पँथर' हा चित्रपट पाहून आलेलीं मुलें किल्मंगर नांवाच्या खलनायकाविषयीं हेंच विचारीत होतीं. तोहि २०१८ चाच चित्रपट, फेब्रुवारींतला. आफ्रिकेच्या मध्यभागीं वकांडा नांवाचें एक अत्यंत समृद्ध राज्य जगापासून लपून बसलेलें आहे. बाहेर आपल्याच वंशाचे लोक गुलाम झाले, छळले गेले, तरी त्या राज्यानें हात पुढें केला नाहीं. त्या राजघराण्याचाच एक मुलगा अमेरिकेंत अनाथ होऊन वाढतो आणि जाब विचारण्यासाठीं परत येतो. जाब न्याय्य आहे. चित्रपट तो नाकारीत नाहीं, आणि शेवटीं नायक आपल्या राज्याचे दरवाजे उघडतो तो या मेलेल्या शत्रूचें म्हणणें पटल्यामुळेंच. परंतु सूड घेण्याच्या मार्गावर किल्मंगरनें आपल्यावर प्रेम करणाऱ्या स्त्रीलाहि गोळी घातलेली आहे. तक्रार खरी असली म्हणून तक्रारदाराचें प्रत्येक कृत्य खरें ठरत नाहीं, आणि कृत्य वाईट असलें म्हणून तक्रार खोटी ठरत नाहीं. या दोन वाक्यांपैकीं एकच धरून बसणारे लोक दोन्ही पक्षांत सांपडतात, आणि म्हणून हा वाद मिटत नाहीं.

थॅनॉसचें प्रकरण याहून निराळें आहे. किल्मंगरला तक्रार आहे. थॅनॉसला उपपत्ति आहे. मूळ चित्रकथांत ती नव्हती. जिम स्टार्लिन या चित्रकथाकारानें १९७३ सालीं थॅनॉसला प्रथम पुढें आणलें, आणि १९९१ च्या सुमारच्या ज्या कथेवर हे चित्रपट बेतले आहेत, तींत तो मृत्युदेवतेच्या प्रेमांत पडलेला आहे. तिला प्रसन्न करण्यासाठीं तो अर्धें विश्व मारतो. हा वेडा प्रियकर भयंकर आहे खरा, पण त्याच्याशीं वाद कोण घालणार? चित्रपट लिहिणाऱ्यांनीं ती देवता काढून टाकली आणि तिच्या जागीं लोकसंख्येचा प्रश्न बसविला. माल्थस या इंग्रज पाद्र्यानें १७९८ सालीं मांडलेला विचार थोडाफार प्रत्येक सुशिक्षिताच्या मनांत असतो: माणसें भराभर वाढतात, अन्न तितक्या वेगानें वाढत नाहीं. माल्थसनें कत्तलीची शिफारस केलेली नव्हती, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु गर्दीच्या वेळीं लोकलच्या दारांत लोंबकळणाऱ्या माणसाला थॅनॉसचें बोलणें ऐकून क्षणभर बरें वाटतें, तें याच विचारामुळें.

बरें वाटलें, तरी हिशेब करून पाहण्यास हरकत नाहीं. २०१८ सालीं जगाची लोकसंख्या सुमारें ७६० कोटी होती. निम्मी केली म्हणजे ३८० कोटी राहिली. एवढी लोकसंख्या जगांत पूर्वीं केव्हां होती? १९७२ च्या आसपास. म्हणजे इतका संहार करून या महात्म्यानें पृथ्वीला शेंचाळीस वर्षें मागें नेलें, आणि तितक्याच वर्षांत ती पुन्हां होती तेथें येण्यास मोकळी! शिवाय निम्मे जीव म्हणजे केवळ माणसें नव्हेत. पशुपक्षीहि त्यांत आले. खाणारे निम्मे झाले तसें खाद्यहि घटलें. चित्रपटाच्या भोक्त्यांतील हुशार मुलें याच्याहि पुढें जाऊन विचारतात कीं, ज्या मण्यांनीं वाटेल तें करतां येतें, त्यांनीं धान्य दुप्पट कां केलें नाहीं? या प्रश्नाला उत्तर नाहीं म्हणून पुष्कळांनीं लेखकांना दोष दिला आहे. माझ्या मतें उत्तर चित्रपटांतच आहे. थॅनॉसला लोक जगावे असें वाटत नव्हतें. टायटनवर आपण म्हणत होतों तेंच बरोबर होतें, हें सिद्ध व्हावें असें वाटत होतें. उत्तरभागांत भूतकाळांतून आलेल्या थॅनॉसला कळतें कीं, वांचलेले लोक सुखी न होतां गेलेल्यांसाठीं झुरत आहेत आणि झालेलें उलटवूं पाहत आहेत. तेव्हां तो ठरवितो कीं, आतां सर्वच विश्व नष्ट करून नवें निर्माण करावें, म्हणजे त्यांतील माणसें कृतज्ञ तरी असतील. लोकसंख्या, अन्न, समतोल हे सारे शब्द या ठिकाणीं गळून पडतात आणि रुसलेला उपकारकर्ता तेवढा शिल्लक राहतो. ज्यांना थॅनॉसचें म्हणणें पटलें होतें त्यांच्यापैकीं पुष्कळांना हा बदल आवडला नाहीं. त्यांना तो पहिल्या थॅनॉसशीं विसंगत वाटला. मला तोच त्या दोन चित्रपटांतला सर्वांत खरा प्रसंग वाटतो.

या वादाला नवी मुंबईंत जी धार येते ती इतरत्र येणें कठीण, कारण हें शहरच त्या प्रश्नाचें एक उत्तर आहे. १९६१ च्या शिरगणतींत बृहन्मुंबईची वस्ती साडेएकेचाळीस लाख होती. १९७१ मध्यें ती साठ लाखांच्या घरांत गेली. बेट चिंचोळें, कामधंदा दक्षिण टोंकाला, आणि रोज सकाळीं साऱ्यांचीं तोंडें एकाच दिशेला. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनीं १९६५ सालीं 'मार्ग' या नियतकालिकांतून असें सुचविलें कीं, खाडीच्या पूर्वेस दुसरें शहर वसवावें, म्हणजे गर्दीला जाण्यास दुसरी दिशा मिळेल. १९७० च्या मार्चमध्यें सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या भागांतील पंचाण्णव गांवांची मिळून सुमारें ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठीं ठरविण्यांत आली. थॅनॉसच्या प्रश्नाला याहून उलट उत्तर सुचणें शक्य नाहीं. माणसें जास्त झालीं तर माणसें घटवूं नका, जागा वाढवा. खाडीच्या अलीकडे राहणारे आपण सारे त्या उत्तरांत राहतों.

परंतु ती जागा मोकळी नव्हती. नकाशावर जी पंचाण्णव नांवें होतीं त्यांत आगरी होते, कोळी होते. भातशेती होती, मिठागरें होतीं, खाडींतली मासेमारी होती. मुंबईची गर्दी कमी व्हावी ही गोष्ट चांगली, पण ती ज्यांच्या शेतांवरून जाणार त्यांना किंमत काय विचारली, आणि कोणीं विचारली? जमिनीच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं लढा दिला. १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांत पोलिसांच्या गोळीबारानें पांच माणसें मेलीं. पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याची योजना आली, ती या पांचजणांच्या मरणानंतर. दरवर्षीं जानेवारींत त्यांचें स्मरण केलें जातें. नव्यानें राहावयास आलेल्या पुष्कळ कुटुंबांना तें कशाचें, हें ठाऊक नसतें.

मी एखाद्या शासकीय संस्थेला थॅनॉसच्या पंक्तीला बसवीत आहें असा कृपा करून कोणी अर्थ काढूं नये. तसें म्हणणें हा मूर्खपणा होईल. एका बाजूस घरें, पूल, शाळा आणि पाणी आहे, दुसऱ्या बाजूस राख आहे. पण 'पुष्कळांच्या भल्यासाठीं थोड्यांनीं सोसावें' हें वाक्य जेव्हां सोसणाऱ्याखेरीज दुसराच कोणी उच्चारतो, तेव्हां तें लहान प्रमाणांतहि तपासून घ्यावें लागतें. उरणच्या शेतकऱ्याला तें तपासून घेण्यास जागा होती. त्याला मोर्चा काढतां आला, विधानसभेंत बोलणारा माणूस होता, कज्जा करतां आला, सरकारला आपला निर्णय बदलावयास लावतां आलें. त्याची किंमत फार पडली, पण तें घडलें. चुटकीवर अपील नसतें. थॅनॉसच्या उपायांतील सर्वांत भयंकर भाग अर्ध्यांचें मरण हा नाहीं, असें मी म्हणणार नाहीं; पण दुसऱ्या क्रमांकाचा भयंकर भाग हा आहे.

त्याच्या बाजूनें नेहमीं असें सांगण्यांत येतें कीं, तो निःपक्षपाती तरी होता. राजा आणि रंक एकाच सोडतींत. सोडत हा शब्द आमच्या शहरांत घरांच्या निमित्तानें सर्वांच्या चांगला परिचयाचा आहे. त्या सोडतींत ज्यानें अर्ज केला त्याचेंच नांव निघतें. न मागतां ज्यांत नांव घातलें जातें तिला सोडत म्हणणें, हा शब्दाचा दुरुपयोग होय. आणि चुटकी वाजविणारा स्वतः त्या सोडतींत होता कीं नव्हता, हेंहि चित्रपट स्पष्टपणें सांगत नाहीं.

आतां मरणांकडे वळूं. कारण वादाचें तें दुसरें अंग आहे, आणि तेथें आवाज जास्त चढतात.

पहिल्या भागाच्या शेवटीं आवडते नायक एकामागून एक धुळीसारखे विरून जातात. चित्रगृहांत लहान मुलें रडलीं. मोठीं मुलें रडलीं नाहींत, कारण त्यांनीं हिशेब केला होता: ज्याचा चित्रपट दोनच महिन्यांपूर्वीं गाजला तो ब्लॅक पँथर कायमचा मरणें शक्य नाहीं. तसेंच झालें. दुसऱ्या भागांत, कथेंतलीं पांच वर्षें उलटल्यावर, सारे परत आले. मग तें मरण फसवें होतें काय?

आपल्या नाट्यशास्त्रानें रंगभूमीवर मरण दाखवूं नये असें सांगितलें, आणि नायकाचा वध तर वर्ज्यच मानला. तरी सवलत होती. हर्षाच्या 'नागानंदा'त जीमूतवाहन हा विद्याधरांचा राजकुमार शंखचूड नांवाच्या नागाऐवजीं स्वतःचा देह गरुडापुढें ठेवतो आणि प्रेक्षकांसमोर मरतो. गौरी येऊन त्याला पुन्हां उठविते. मेलेला परत येणार हें प्रेक्षकाला ठाऊक होतें, तरी त्यागाची किंमत त्याच्या लेखीं कमी झाली नाहीं. याच्या उलट टोंकाला 'ऊरुभंग' आहे. तिरुवनंतपुरम येथें गणपतिशास्त्र्यांनीं १९१२ पासून जीं नाटकें भासाचीं म्हणून प्रसिद्ध केलीं त्यांत तें सांपडलें. मांड्या मोडलेला दुर्योधन रणांगणावर पडला आहे, आणि त्याचा लहानगा मुलगा दुर्जय नेहमींच्या संवयीनें त्याच्या मांडीवर बसावयास येतो. एवढ्या एका प्रसंगानें महाभारतांतला खलनायक बाप होतो. त्याला परत उठवावयास कोणी देवता येत नाहीं. तो तेथेंच प्रेक्षकांदेखत मरतो. भास त्या नाटकांचा कर्ता कीं नव्हे याबद्दल पंडितांत मतभेद आहेत. प्रसंगाच्या सामर्थ्याबद्दल मात्र मीं मतभेद ऐकलेला नाहीं.

मुलांच्या वादांत या दोन्ही परंपरा, नांवें ठाऊक नसतांना, हजर असतात. परत येणारें मरण चालेल, पण तें कोणी कशासाठीं पत्करलें हें त्यांना पाहिजे असतें. म्हणून धुळींत विरलेल्या साऱ्या नायकांपेक्षां वॉर्मीर नांवाच्या ग्रहावरील एका कड्याविषयीं ते अधिक बोलतात. त्या कड्यावर एक मणी आहे, आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याला गमावल्याखेरीज तो मिळत नाहीं. थॅनॉस आपली मानलेली मुलगी गमोरा हिला तेथून ढकलून देतो. ढकलतांना रडतो. मणी त्याला मिळतो. मग त्याचें तिच्यावर प्रेम होतें असें मानावयाचें काय? एक पक्ष म्हणतो, मणी मिळाला हाच पुरावा. दुसरा म्हणतो, मण्याला प्रेमाचें काय कळतें. देणाऱ्यानें स्वतःचें असें काय दिलें? मी दुसऱ्या पक्षाचा आहें. जीमूतवाहनानें शंखचूडाला गरुडापुढें ढकललें असतें आणि मग अश्रु गाळले असते, तर हर्षानें त्यावर नाटक लिहिलें नसतें. दुसऱ्याचा जीव देऊन आपण त्याग केला असें म्हणण्याची ही चाल पुराणी आहे, आणि ज्यांच्या हातीं सत्ता असते त्यांना ती फार लवकर अंगवळणी पडते.

उत्तरभागांत त्याच कड्यावर दोन मित्र जातात, नताशा आणि क्लिंट. 'मी मरतों, तूं जग' यावरून त्या दोघांची अक्षरशः मारामारी होते, आणि नताशा जिंकते. थोड्या वेळानें टोनी स्टार्क तीच चुटकी शत्रूविरुद्ध वाजवितो आणि तिच्या दाहानें मरतो. २००८ सालीं पहिल्या चित्रपटांत जो चैनी, स्वतःपलीकडे न पाहणारा शस्त्रांचा व्यापारी होता, तो अकरा वर्षांनीं असा मेला, म्हणून हें मरण लोकांना पटलें. तोहि परत आला असता तर माझी खात्री आहे कीं, हीच मुलें तिकिटाचे पैसे परत मागावयास गेलीं असतीं.

वाद राहिला तो नताशाचा. स्टार्कचा अंत्यविधि सरोवराच्या कांठीं, सर्व वीरांना ओळीनें उभें करून, सावकाश दाखविला आहे. नताशाला तसा विधि नाहीं. तिचे मित्र पाण्याकांठीं उभे राहून चार शब्द बोलतात आणि कथा पुढें जाते. या गोष्टीचा राग मुलींना अधिक आला. तिचें शव सांपडलें नव्हतें, तिचें मरण कथेच्या मध्यावर झालें, वेळ नव्हता, अशीं उत्तरें मुलगे देत, आणि तीं मुलींना पटत नसत. मलाहि पटत नाहींत. युद्धाला वेळ होता तर त्यालाहि असता. सर्वांना परत आणणाऱ्या हल्कनें तिलाहि परत आणण्याचा प्रयत्न केला, पण तें साधलें नाहीं, असें एका वाक्यांत सांगून चित्रपट मोकळा झाला. तिच्यावरचा स्वतंत्र चित्रपट २०२१ सालीं निघाला. कथा तिच्या मरणाच्या आधींची. त्यांत शेवटीं, कलावंतांची सारी नामावळी सरकून गेल्यावर, दिवे लागून अर्धे लोक दारापर्यंत पोहोंचलेले असतांना, तिची समाधि दिसते आणि तेथें तिची धाकटी बहीण फुलें घेऊन आलेली असते.